अहमदाबादेत मनाचा तपास

बी.एड.च्या वर्षी आम्ही एरिक एरिक्सनच्या आठ अवस्था पाठ केल्या होत्या. विश्वास विरुद्ध अविश्वास, स्वायत्तता विरुद्ध लज्जा, पुढाकार विरुद्ध अपराधभाव... उर्दू माध्यमात शिकलेल्या आमच्यासारख्यांची पंचाईत अशी, की हे शब्द आधी मनातल्या मनात भरोसा, बेएतबारी असे करून घ्यायचे, मग डोक्यात बसवायचे. परीक्षेत टीप आली, लिहिली, गुण मिळाले, विषय संपला. हा गृहस्थ कधी काळी अहमदाबादेत येऊन राहिला होता आणि ज्या संस्थेच्या निमित्ताने आला तिच्या उभारणीमागे फाळणीनंतरच्या हिंदू-मुसलमान तणावाचा एक धागा होता, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. पुस्तकातही नव्हते.

ती संस्था म्हणजे बी. एम. इन्स्टिट्यूट. स्थापना १९५१. त्या वेळी अहमदाबाद आपल्याच मुंबई राज्यात होते. १ मे १९६० पर्यंत होतेच. नफा कमवायचा नाही, माणसाचे मन आणि वागणे यांचा अभ्यास करायचा, मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर इलाज करायचा आणि हे काम करणारी माणसे तयार करायची, असा हेतू. आधी नावात मानसशास्त्र आणि बालविकास होता, पुढे मानसिक आरोग्य आले. उभारणारे कॅलिको मिलचे गौतम साराभाई आणि त्यांच्या पत्नी कमलिनी साराभाई. कमलिनीबेन लंडनहून मनोविश्लेषण शिकून आलेल्या. गिरणीमालकाच्या घराने देवळाला किंवा धर्मशाळेला देणगी द्यावी यात नवल नाही. मनाच्या अभ्यासाला द्यावी, तेही स्वातंत्र्याला चारच वर्षे झालेली असताना, हे मात्र नवल होते.

पण धागा त्याच्या एक वर्ष आधी सुरू होतो. १९५० साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गार्डनर मर्फी युनेस्कोच्या वतीने भारतात आले. बोलावणे भारत सरकारचे होते आणि शिक्षणमंत्री होते मौलाना अबुल कलाम आझाद. काम असे, की या देशातल्या माणसामाणसांत जो ताण आहे, विशेषतः हिंदू-मुसलमानांत, त्याचा शास्त्रशुद्ध तपास व्हावा. फाळणीचे रक्त अजून वाळले नव्हते. निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या. अशा वेळी एखाद्या सरकारने, कोणाचा दोष हे न विचारता, माणसाच्या मनात हे येते कसे, असे विचारावे, ही गोष्ट आज वाचतानाही आम्हाला थांबवते. वेगवेगळ्या विद्यापीठांतली मंडळी कामाला लागली. मुंबई विद्यापीठात सी. एन. वकील यांनी निर्वासितांचा प्रश्न घेतला. अलीगढचा तपास पारस राम यांनी केला आणि त्याचे पुस्तक १९५५ मध्ये छापले गेले ते अहमदाबादेत. मर्फींचे स्वतःचे पुस्तक, ‘इन द माइंड्स ऑफ मेन’, १९५३ चे. त्याच्या उपशीर्षकातच मानवी वर्तन आणि भारतातील सामाजिक तणाव हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसले आहेत.

याच मर्फींचा आणि त्यांच्या पत्नी लोइस मर्फी यांचा सल्ला बी. एम. इन्स्टिट्यूटला सुरुवातीपासून लाभला. लोइसबाई बालमानसशास्त्राच्या जाणकार. त्यामुळे संस्थेचे तोंड लहान मुलांकडे वळले असावे, असा आमचा अंदाज. तेही योग्यच झाले. ज्या मुलाला वर्गात ‘मठ्ठ’ म्हणून मागच्या बाकावर बसवतात, त्याला ऐकू कमी येते की अक्षरे उलटी दिसतात की घरात काही बिनसले आहे, हे तपासणारी जागा शिक्षकाला किती हवी असते, ते शिक्षकालाच ठाऊक.

साराभाईंच्या घरात वर्तनाचा अभ्यास संस्थेपुरता राहिला नाही, तो गिरणीतही गेला. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस कॅलिको मिलमध्ये आले. टॅव्हिस्टॉक हीदेखील अशीच, नफा न पाहता माणसांच्या संबंधांचा अभ्यास करणारी संस्था. कॅलिकोत नवे स्वयंचलित माग बसवले होते, तरी कापड मनासारखे निघत नव्हते. २२४ माग, २९ कामगार, आणि प्रत्येकाला एकच तुकडा काम: कोणी तुटलेला धागा जोडायचा, कोणी बॉबिन भरायची, कोणी तेल घालायचे. कोण कोणाचा जोडीदार हे कोणालाच कळत नव्हते. राइस यांनी सुचवले, की मागांचे गट पाडा आणि एका गटाची सगळी जबाबदारी एका टोळीला द्या. कामगारांनी ही कल्पना इतक्या झटपट उचलली, की साहेबच चकित झाले. जोडीदार त्यांनी आपसांत ठरवले. पुढे उत्पादन वाढले, खराब माल कमी झाला. भिवंडी-मालेगावच्या वाचकांनी ही हकीकत आपल्या साच्यांच्या खडखडाटात वाचून पाहावी.

अहमदाबादच्या विणाई खात्यात मुसलमान कामगार मोठ्या संख्येने होते. दलितांना तेथे मज्जाव होता. कारण काय, तर जुन्या मागावर धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि दलिताचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. त्यामुळे दलित सूतकताईच्या खात्यात, जिथे मजुरी कमी. सूत एकच, गिरणी एकच, पण एका लाकडी धोट्याने माणसांची वाटणी केली होती. मानवी वर्तनाचा याहून बोलका धडा आम्हाला तरी बी.एड.च्या पुस्तकात सापडला नाही.

आता एरिक्सन. १९६२ मध्ये मानवी जीवनचक्रावरच्या चर्चासत्रासाठी ते अहमदाबादला आले. म्हणजे त्याच आमच्या आठ अवस्था! यजमान साराभाई मंडळी. कुटुंबातले वडीलधारे अंबालाल साराभाई तेव्हा हयात होते, त्यांच्या भगिनी अनसूयाबेनही होत्या. १९१८ च्या गिरणी संपात हे बहीण-भाऊ समोरासमोर उभे होते. प्लेगच्या दिवसांत दिलेला बोनस मालकांनी बंद केला, विणकरांनी महागाईवाढ मागितली, मालक वीस टक्क्यांवर अडले, गांधीजींनी पस्तीस योग्य ठरवले. भाऊ मालकांचा पुढारी, बहीण मजुरांच्या बाजूने. मार्चमध्ये गांधीजी उपोषणाला बसले आणि तिसऱ्या दिवशी तडजोड झाली. मालक आणि बंडखोर एकाच घरात सापडल्यावर मनाचा अभ्यासक कसा उठेल? एरिक्सन पुन्हा आले, जुन्या माणसांना भेटले, आणि त्यातून ‘गांधीज ट्रुथ’ हे पुस्तक झाले. त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यात गांधीजींनाच लिहिलेले एक लांबलचक पत्र आहे. जवळच्या माणसांशी तुम्ही कठोर वागलात, असे त्यांना त्यात सुनावलेले आहे.

या पुस्तकात एरिक्सनने एक विचार मांडला. माणूस ही एकच प्रजाती असताना प्रत्येक जमात आपल्यालाच खरी माणसे समजते आणि बाकीच्यांना जरा खालची, वेगळी जात मानते. एकदा असे मानले, की मारताना हात थरथरत नाही. मर्फींनी १९५० साली विचारलेल्या प्रश्नाचे इतके जवळचे उत्तर आमच्या तरी वाचनात नाही.

पुस्तक प्रसिद्ध झाले १९६९ साली. गांधीजींचे जन्मशताब्दी वर्ष. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अहमदाबाद पेटले. सहाशेहून अधिक माणसे मेली, त्यांत बहुसंख्य मुसलमान. ज्या मजूर वस्त्यांतून संपाच्या सभेला माणसे जात, त्याही वाचल्या नाहीत. चौकशीला न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांचा आयोग नेमला गेला. शताब्दीसाठी आलेले खान अब्दुल गफ्फार खान अहमदाबादेत जाऊन उजाडलेल्या घरांसमोर उभे राहिले.

यात संस्थेचा दोष काढण्याचा आमचा इरादा नाही. मुलांसाठी काढलेल्या दवाखान्याने दंगल थांबवावी, अशी अपेक्षा धरणे अडाणीपणाचे होईल. सल मात्र राहते. मौलानांच्या काळात सरकारने विचारलेला प्रश्न पुढे आयोगांच्या हाती गेला, आणि आयोग विचारतात ते पहिला दगड कोणी मारला. तो मनात केव्हा उचलला गेला, हे विचारणारे एकटे-दुकटे उरले. सुधीर कक्कर त्यांपैकी एक. शिक्षणाने इंजिनियर, पण अहमदाबादेत एरिक्सनची गाठ पडली आणि आयुष्याची वाट बदलली. १९९० च्या हैदराबाद दंगलीनंतर ते तिथल्या हिंदूंच्या आणि मुसलमानांच्या, दोन्ही मोहल्ल्यांत जाऊन बसले, पहिलवानांशी बोलले, आणि ‘द कलर्स ऑफ व्हायोलन्स’ लिहिले. २०२४ मध्ये ते गेले.

बी. एम. इन्स्टिट्यूट साबरमतीच्या पश्चिम तीरावर, आश्रम रोडला. नदीपलीकडे जुने शहर आणि गिरण्यांची वस्ती. मध्ये नेहरू पूल.