मोठ्या आईचा नवस

परतवाड्याच्या आमच्या घरी सारी पोरं तिला ‘मोठी आई’ म्हणायची, पण तिची स्वतःची कूस उजवली नाही. तिने बहिरमच्या यात्रेत नवस बोलले, उपास केले. मोठ्या बाबांना मधुमेह होता. त्यांना तपासावे, असे मात्र कुणाला सुचले नाही.

खरे तर हे नाते जुनेच. प्रमेहात बिघडणाऱ्या घटकांत चरकसंहिता शुक्रही मोजते. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले. जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला ते टोचले गेले. त्याआधी अशी मुले सहसा तरुण होण्याआधीच दगावत. बाप होण्याची शक्यता त्यांना इन्सुलिनने दिली.

मोठ्या बाबांसारख्यांची, म्हणजे टाइप-२ मधुमेहाची गोष्ट निराळी. यात इन्सुलिन असते, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही. २००४ साली अमेरिकेत बफेलोच्या संशोधकांनी अशा पुरुषांना तपासले. सुमारे एकतृतीयांशांत टेस्टोस्टेरॉन कमी निघाले. मेंदूकडून वृषणांना जाणारा इशाराच क्षीण होता. शिवाय वाढलेली साखर नसा आणि रक्तवाहिन्या बिघडवते, शुक्रजंतूंनाही इजा करू शकते.

दोष मोठ्या बाबांचा होता, असे मी म्हणत नाही. तपासलेच नाही, तर कळणार कसे? म्हणून सुनेला दवाखान्यात नेताना मुलालाही न्या. त्याची साखर बघा, वीर्य तपासा. नवस नंतर बोला.