राजीनाम्याच्या दोन प्रती

'राजीनामा' हा शब्द मराठीत नोकरी सोडण्याच्या पत्रासाठी इतका रुळला आहे की त्याचा मूळ अर्थ कोणाच्या ध्यानात येत नाही. आमच्या घरातल्या उर्दूत राजीनामा म्हणजे तडजोडीचा, समझोत्याचा कागद. नोकरी सोडणाऱ्याने द्यायचा तो इस्तिफा. राजी आणि नामा, म्हणजे खुषीने लिहून दिलेला लेख. मुंबई इलाख्याच्या महसुली दप्तरात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून द्यायचा आणि ती घेणारा कबुलायत. आपण शाळेत टाकतो ती 'रजा'सुद्धा याच अरबी धातूतून आलेली. तर सांगायचे असे, की या शब्दात माणसाची खुषी गृहीत धरलेली आहे. आपल्याकडच्या खाजगी शाळांत ती खुषी नेहमी होतीच असे नाही, आणि त्यापायी कायद्याला एक अख्खे कलम लिहावे लागले.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण आणले. पुढे महाराष्ट्रात शिक्षण गावोगाव पोचले ते मोठ्या प्रमाणात खाजगी संस्थांमुळे, हे कोणी नाकारणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा सरकारची वाट पाहत बसले असते तर कित्येक पिढ्या अडाणी राहिल्या असत्या. पण या व्यवस्थेत एक गाठ राहून गेली. पगाराचा पैसा सरकारी तिजोरीतून येणार आणि नेमणुकीचा कागद संस्थाचालकाच्या सहीने निघणार. मास्तर नेमका कोणाचा नोकर, याचे उत्तर सोयीप्रमाणे बदलत राहिले.

नियम नव्हते असे नाही. 'माध्यमिक शाळा संहिता' होती. मुख्याध्यापकांच्या टेबलावर ती पोथीसारखी असायची. पण ती होती शासनाच्या सूचनांचे पुस्तक, विधिमंडळाने केलेला कायदा नव्हे. संस्थेने संहिता मोडली तर शिक्षण खात्याच्या हातात मुख्य शस्त्र एकच, अनुदान रोखण्याचे. ते उगारले तर घाव संस्थाचालकाआधी बाकीच्या शिक्षकांच्या पगारावर. कोर्टात जावे तर तिथे करार कायद्याचे जुने तत्त्व आडवे येई: खाजगी नोकरीचा करार मोडला तर नुकसानभरपाई मागा, परत कामावर घ्या असे कोर्ट सहसा सांगणार नाही.

कामगार कायद्याचा रस्ताही शिक्षकाला बंदच निघाला. गोव्यात करंझाळे येथील एका शाळेतल्या शिक्षिकेला कामावरून कमी केले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८८ साली निकाल आला की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नाही, कारण शिकवणे हे अंगमेहनतीचे किंवा कारकुनी काम नव्हे, ते थोर कार्य आहे. शिक्षकांचा एवढा गौरव क्वचितच झाला असेल, आणि एवढा महागही क्वचितच पडला असेल.

महाराष्ट्रात तोवर वेगळी वाट निघाली होती. 'महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७' हे त्या कायद्याचे लांबलचक नाव. तो प्रत्यक्ष अंमलात आला १५ जुलै १९८१ पासून, आणि त्याच वर्षी त्याची नियमावलीही आली. मी बी.ए. होऊन एका खाजगी शाळेच्या कार्यालयात लिपिक म्हणून लागलो तेव्हा ही नियमावली माझ्या वाट्याला आली. नेमणुकीचे आदेश टाईप करता करता ती पाठ झाली. कार्यालयातले जुने लोक मधल्या सुट्टीत आवाज खाली आणून त्याआधीच्या गोष्टी सांगत. नोकरीवर घेतानाच कोऱ्या कागदावर सही घ्यायची. तो कागद कपाटात राहायचा. सर जास्त बोलू लागले, कोणाच्या प्रचाराला गेले नाहीत, की वरचा मजकूर आणि तारीख भरली जायची. सरांनी 'खुषीने' राजीनामा दिलेला असायचा.

आता या कायद्याचे सातवे कलम वाचा. कर्मचाऱ्याला नोकरी सोडायची असेल तर त्याने राजीनामा दोन प्रतींत तयार करावा, दोन्हींवर सही करावी, तारीख घालावी, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. संस्थेचे ऑफिस समोरच्या खोलीत आणि पत्र पोस्टाने पाठवायचे, हे पाहून नवा माणूस हसतो. पण कपाटातल्या कोऱ्या कागदाची आठवण ठेवली की त्यातला एकेक शब्द कशासाठी आहे ते कळते. कपाटातून निघालेल्या कागदाला जोडीची प्रत नसते, आणि त्यावर पोस्टाचा शिक्काही नसतो. राजीनामा खरोखर स्वेच्छेचा आहे की नाही हे तपासण्यासाठीच हे कलम आहे, अशा दृष्टीने कोर्टांनी त्याच्याकडे पाहिले.

काढून टाकायचे असेल तर रीतसर चौकशी. तीन जणांच्या समितीत एक संस्थेचा, एक कर्मचाऱ्याने निवडलेला आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांपैकी. ही तिसरी खुर्ची मला फार आवडते. तरीही अन्याय झाला तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. मुदत फक्त तीस दिवसांची. 'अध्यक्षसाहेब बोलावतील, समजूत निघेल' या आशेवर हे तीस दिवस घालवलेली माणसे मी पाहिली आहेत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागते, आणि आशा हे काही सबळ कारण नव्हे.

आमच्या लोकांच्या संस्थांमध्ये एक समज मी वारंवार ऐकला: 'आपली शाळा अल्पसंख्याकांची, आपल्याला हा कायदा नाही.' ही समजूत अर्धवट वाचनाची. अल्पसंख्याक शाळेला सूट आहे ती मुख्याध्यापक आणि आणखी जास्तीत जास्त तीन जणांच्या भरतीपुरती. बाकीच्यांचे संरक्षण शाबूत आहे. १९८६ साली दिल्लीच्या फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शिक्षकांना सेवेची सुरक्षितता दिल्याने घटनेच्या तिसाव्या कलमाने दिलेला शाळा चालवण्याचा हक्क बुडत नाही. उर्दू शाळेतल्या बाईंच्या घरीही महिनाअखेरीला तेच प्रश्न असतात.

पुढे २००० साली शिक्षणसेवक आले, २०१७ पासून भरतीसाठी पवित्र पोर्टल आले, आणि नेमणुकीच्या भानगडींनी नवी रूपे घेतली. त्यावर वेगळे बोलावे लागेल. सातव्या कलमाबाबत मात्र अलीकडे एक गंमत झाली. सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले. नोंदणी हवी तर ती आता स्पीड पोस्टवर जादा सेवा म्हणून घ्यायची. कोणी सर राजीनामा पाठवायला निघाले, तर खिडकीवर तेवढे मागून घ्यावे, आणि पावती दुसऱ्या प्रतीला टाचून ठेवावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)