फडक्यांचे एडन आणि एडनकरांचे एडन

पनवेल तालुक्यात शिकलेल्या आपण सर्वांनी एडनचे नाव पहिल्यांदा ऐकले ते आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांच्यामुळे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी शिरढोणला जन्म, १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात मृत्यू, एवढे आपण पाठ केले. पुढे आपल्यातले कित्येक जण नोकरीसाठी आखातात गेले, काही जहाजांवर गेले, तरी एडन आपल्या लेखी तुरुंगच राहिले. पण तेही कुणाचे तरी गाव आहे. त्या गावाची गोष्ट या स्मरणिकेत सांगावीशी वाटली, कारण ती आपल्या जुन्या मुंबई इलाख्याचीच गोष्ट आहे.

एडन अरबस्तानाच्या दक्षिण टोकाला आहे. मृत ज्वालामुखीच्या मुखात वसलेली जुनी वस्ती, तिला आजही ‘क्रेटर’ म्हणतात. भोवती काळे उघडे डोंगर आणि समोर उत्तम नैसर्गिक बंदर. पाऊस वर्षाला दोन इंचही मुश्किलीने पडतो. डोंगरातून येणारा थेंबन् थेंब साठवण्यासाठी तिथल्या जुन्या लोकांनी खडकात एकाखाली एक अशी टाकी खोदली होती. आपल्या गडांवरची टाकी पाहिलेल्या माणसाला त्यामागची चिंता लगेच कळेल.

१९ जानेवारी १८३९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातील कॅप्टन हेन्स याने एडन जिंकले. कारण साधे होते. मुंबई ते सुएझ या मार्गावर आगबोटी सुरू झाल्या होत्या आणि त्यांना वाटेत कोळसा हवा होता. मोहीम मुंबईहून गेली आणि कारभारही मुंबई सरकारकडेच आला, तो १९३२ पर्यंत. चलन रुपया, टपालाची तिकिटे हिंदुस्थानची, अपिले मुंबईच्या उच्च न्यायालयात. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि कोळशाचे हे ठाणे मोठे बंदर बनले.

मुंबई सरकारला नको असलेला कैदी अंदमानाऐवजी एडनला का गेला, याचे उत्तर या कारभारात आहे. समुद्रापलीकडचा असला तरी तो त्यांच्याच ताब्यातला मुलूख होता. रामोशी, कोळी, भिल्ल, धनगर यांना जमवून फडक्यांनी बंड उभारले. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी, त्यांचे वकीलपत्र घेतले, पण शिक्षा जन्मठेपेची झाली. आपल्या शाळेच्या अंकात एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. पुण्याच्या पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन या शाळेच्या संस्थापकांत वामन प्रभाकर भावे यांच्याबरोबर फडक्यांचेही नाव आहे. म्हणजे हा बंडखोर शाळा काढणाराही होता.

एडनमध्ये फडक्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उचकटून काढले आणि ते तुरुंगाबाहेर पडले. लवकरच पुन्हा पकडले गेले, त्यांनी अन्न सोडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. या पलायनाचे वर्णन आपण शौर्य म्हणून वाचतो, आणि ते शौर्यच होते. पण मला त्यात एकटेपणही दिसते. सह्याद्रीत त्यांना घाटवाटा ठाऊक होत्या, भाकरी देणारी घरे ठाऊक होती. एडनच्या भिंतीबाहेर ओळखीचे झाड नव्हते, भाषा कळणारा माणूस नव्हता. आपल्या मुलुखाचा आधार काय असतो, हे त्या मोकळ्या वाळवंटाइतके कोणत्याच कोठडीने त्यांना जाणवून दिले नसेल.

एडन जिंकणाऱ्या हेन्सचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. त्याच्या हिशेबात तूट निघाली. अफरातफरीच्या आरोपातून तो सुटला, पण देण्यापायी सरकारने त्याला मुंबईच्या तुरुंगात वर्षानुवर्षे ठेवले. १८६० मध्ये सुटका झाली आणि काही दिवसांतच मुंबई बंदरात, जहाजावर, तो मेला. त्याने मिळवून दिलेल्या एडनमध्ये तेवीस वर्षांनी मुंबई इलाख्याचा कैदी मेला. एकच सरकार आणि त्याच सागरी वाटेची दोन टोके.

त्याच वाटेने दुसरेही लोक गेले. गुजराती व्यापारी, पारशी, कारकून, शिपाई. कावसजी दिनशा यांच्या घराण्याने तिथे मोठी पेढी उभी केली, अग्यारी बांधली आणि ‘एडनवाला’ हे आडनावही घेतले. गावाचे नाव माणूस आडनाव म्हणून लावतो तेव्हा ते गाव त्याचे झालेले असते, हे आम्हा ‘कर’ लावणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

३० नोव्हेंबर १९६७ रोजी एडन स्वतंत्र झाले. बहुतेक हिंदी कुटुंबे निघून गेली. अग्यारीतला पवित्र अग्नी १९७६ मध्ये विमानाने भारतात आणला गेला आणि लोणावळ्याला स्थापन झाला. आपण बोरघाट चढून ज्या लोणावळ्याला चिक्की घ्यायला थांबतो, तिथे एडनचा अग्नी तेवतो आहे.

मागे राहिले ते मूळचे एडनकर. त्यांच्यासाठी हा वारसा सोपा नाही. बंदर परक्यांनी आपल्या सोयीसाठी बांधले, मनोऱ्यावरचे घड्याळही त्यांचेच. पण गोद्यांत घाम गाळला तो स्थानिकांनी, आणि लंडनच्या बिग बेनची आठवण देणारे ते घड्याळ आज एडनकरांना आपल्या गावाची खूण वाटते. वेलची घातलेला दुधाचा चहा येमेनभर ‘अदनी’ म्हणून ओळखला जातो, आणि लग्नाकार्यातला ‘झुर्बियान’ आपल्या बिर्याणीचा भाऊबंद शोभतो. राज्यकर्ते गेले, रुपया गेला, चव मात्र घरची होऊन राहिली.

२०१५ मध्ये युद्धाने हे गाव होरपळले. अडकलेल्या भारतीयांना आणायला नौदलाची जहाजे एडनला गेली, त्यांत एक होते ‘आयएनएस मुंबई’. आपली माणसे सुखरूप परतली. एडनकरांना मात्र परतायला दुसरे गाव नव्हते.

मित्रमैत्रिणींनो, मेळाव्यासाठी आपण लांबलांबून आलो. आपल्याला यायला गाव आहे, शाळा आहे, हे केवढे भाग्य! जमल्यास शिरढोणला फडक्यांच्या वाड्यावरही जाऊन येऊ. तिथे नमस्कार करताना समुद्रापलीकडच्या त्या गावाचीही आठवण ठेवू. त्याला तुरुंग केले ते साम्राज्याने, तिथल्या माणसांनी नव्हे.