विसरू नको म्हणणारं फूल

आमच्या पेठमध्ये पाऊस एकदा लागला की चार महिने छत्री वाळत नाही. अशा गावात मी 'फर्गेट-मी-नॉट'चं बी पेरलं, आणि तेही जूनमध्ये! बागकामातलं माझं ज्ञान किती, ते यावरून कळावं.

नाशिकला बी.ए. करताना इंग्रजी कवितांत या फुलाचं नाव वाचलं होतं. फूल पाहिलं नव्हतं, नाव मात्र वहीत राहिलं. पुढे अम्मी गेली. कबरीवर सब्जा लावायची आमच्याकडे रीत आहे. वाटलं, सब्जाशेजारी एखादं निळं फूलही असावं. म्हणून नाशिकहून बियांचं पाकीट आणलं. रोपं उगवली, पण आषाढाच्या सरींत बुडापाशी कुजून एकेकानं मान टाकली.

दुसऱ्या वर्षी शहाणपण आलं. दसरा झाल्यावर कुंडीत पालापाचोळ्याचं खत आणि थोडी वाळू घातली. या बियांना उगवताना अंधार लागतो, म्हणून वरून मातीचा पातळ थर दिला. कुंडी सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी ठेवली. माती ओलसर हवी, पण पाणी साचता कामा नये. जानेवारीत फुलं आली. करंगळीच्या नखाएवढी, आभाळाच्या रंगाची, मध्ये पिवळा ठिपका. शेजारची मुलं बघून गेली आणि "एवढंच?" म्हणाली. मग पानांवर भुरी आली, आणि होळीपर्यंत सगळं वाळून गेलं. थंड मुलखात हेच झाड बी सांडतं आणि आपलं आपण परत उगवतं. आपल्याकडे ते हिवाळ्यापुरतं पाहुणं.

वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव मायोसोटिस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ उंदराचा कान, पानांच्या आकारावरून पडलेला. 'मला विसरू नको' हे बोलकं नाव जर्मन आणि जुन्या फ्रेंच लोकांनी दिलं. इंग्लंडमध्ये लँकेस्टरच्या हेन्रीला 1398 मध्ये हद्दपार केलं, तेव्हा त्यानं हे फूल आपलं चिन्ह केलं असं सांगतात. वर्षभरात तो परतला आणि चौथा हेन्री म्हणून गादीवर बसला. म्हणजे त्याला कुणी विसरलं नाही म्हणायचं! न्यूफाउंडलँडची गोष्ट मात्र काळीज हलवते. 1 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत त्या बेटाचे सुमारे 800 जवान चालून गेले. दुसऱ्या दिवशी हजेरीला उभे राहिले 68. तिथले लोक आजही 1 जुलैला छातीवर हे फूल लावतात. आर्मेनियन लोकांनीही 2015 मध्ये आपल्या संहाराच्या शताब्दीला हेच फूल निवडलं. फारसीतलं नाव तर थेट 'फरामोशम मकुन', मला विसरू नकोस. इतक्या भाषांनी एकच वाक्य त्याच्या तोंडी घातलं. फूल बिचारं मुकं.

हे सगळं मी एका मित्राला सांगत होतो. तो रानफुलांचा नादी. म्हणाला, "अहो, पाकिटं कसली आणता? याची चुलत बहीण डोंगरावर आहे." भाद्रपदात उघडीप बघून त्यानं मला सावळघाटाच्या बाजूला वर नेलं. हातभर उंच झाड, खाली रुंद पानं, पांढरट फुलात निळसर झाक. नाव निसुर्डी. ही सह्याद्रीचीच, बाहेरून आलेली नाही. लंडनमध्ये जॉन लिंडली यांनी 1839 मध्ये तिचं चित्र आणि वर्णन छापलं आणि नावात 'आकाशी' हा लॅटिन शब्द घातला.

ते साल ऐकून मी तिथंच थबकलो. कारण तेव्हा खाली पेठ हे संस्थान होतं. राज्यकर्ते दळवी. घराणं मुसलमान झालेलं, तरी दळपतरावासारखी नावं ठेवणारं. 1857 च्या डिसेंबरात इथल्या कोळ्यांनी उठाव केला, हरसूलचा बाजार आणि पेठचा खजिना लुटला गेला. संस्थानावर हक्क सांगणारे भगवंतराव नीलकंठराव यांना त्यासाठी फासावर चढवलं. घराण्यातली शेवटची वारस बेगम नूरजहाँ. ती 1878 मध्ये वारली आणि इंग्रजांनी संस्थान खालसा केलं. मी या गावात जन्मलो, पण हे मला कळलं ते पंचविशी उलटल्यावर, इंग्रजांच्याच 1883 सालच्या गॅझेटियरमधून. घरी नाही, शाळेत नाही. हेन्री राजाची हद्दपारी त्याआधीच पाठ झालेली होती. याची लाज अजून वाटते.

निसुर्डीची एक गंमत सांगायची राहिली. तिच्या फळांना बारीक आकडे असतात. गुरांच्या अंगाला, माणसाच्या कपड्यांना ती चिकटतात आणि आपल्या पायांनी गाव ओलांडतात. कार्तिकात पुन्हा वर गेलो तेव्हा पायजमाभर घेऊन आलो. बायको वैतागली. अर्धा तास ओट्यावर बसून एकेक वेचत होतो. थोडी कुंडीत टाकली, उरलेली अम्मीच्या कबरीच्या उशाशी, सब्जाच्या कडेला. ना खत, ना वाळू. त्या मातीची तिला सवय आहे.

यंदाच्या पावसात कुंडीत काही उगवलं नाही. कबरीपाशी दोन रोपं आली. एक शेळीनं खाल्लं. दुसऱ्याभोवती मी बोरीची फांदी रोवून ठेवली आहे.