रुग्णामागून नोंद

रत्नागिरी जिल्ह्यात उपचार म्हणजे अनेकदा प्रवास. राजापूर वा मंडणगडचा रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयात आणि आजार बळावला तर कोल्हापूर-मुंबईला जातो. दर टप्प्यावर नवा केसपेपर निघतो. केवळ संगणक आल्याने हा प्रश्न सुटला नाही, कारण प्रत्येक प्रणालीची मांडणी वेगळी होती. अमेरिकेत १९८७ मध्ये स्थापन झालेल्या एचएल-सेव्हन संस्थेने प्रणालींमधील संदेशांची समान रचना ठरवायला घेतली. पुढे रुग्णाची ओळख पटवणे, नोंद शोधणे अशा सेवांचेही समान नियम आखले गेले. भारताने २०१३ मध्ये ई-आरोग्यनोंदींची मानके जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. नोंदीत काय असावे हे त्यांनी सांगितले, पण ती मागावी कशी आणि कुणाच्या परवानगीने द्यावी, याची देशव्यापी यंत्रणा उभी राहिली नव्हती. ती उभारणी २०२० च्या डिजिटल आरोग्य अभियानाने, चौदा अंकी आरोग्य क्रमांक आणि रुग्णाच्या संमतीच्या आधारे, सुरू केली.

मग सर्वांना एकच सरकारी सॉफ्टवेअर का देऊ नये, असे कुणी विचारेल. पण मोठ्या रुग्णालयाची आणि एका डॉक्टरच्या दवाखान्याची गरज सारखी नसते. समान हवी ती देवाणघेवाणीची रीत. खासगीपणाची भीती रास्तच आहे. मात्र फोटो काढून फोनवरून पाठवलेल्या अहवालाला कुठलाच पहारा नसतो, तर सामायिक नियमांत संमती नोंदवता येते आणि मागेही घेता येते. नोंदवण्याचे ओझे छोट्या दवाखान्यांवर पडते, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्याचा खर्च शासनाने उचलायला हवा, कारण मानकाचा लाभ सर्वांत आधी दूरच्या गावातल्या रुग्णाला मिळायला हवा.