पाण्यावर धावणारी गाडी

मे महिन्यात मेहुणे फोंड्याहून आले ते खूळ घेऊनच. गाडीत पाण्याची बाटली बसवायची, बॅटरीच्या विजेने त्यातून हायड्रोजन काढायचा आणि पेट्रोलबरोबर इंजिनात सोडायचा; निम्मे पेट्रोल वाचते म्हणे! घराच्या शाकारणीचे पैसे त्यात घालायचे ठरले होते. मी पडलो आर्ट्‌सवाला कारकून. म्हटले, आधी इतिहास पाहू.

विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हे निकल्सन व कार्लाइल यांनी १८०० साली इंग्लंडात दाखवले. १८०७ मध्ये द रिव्हाझने हायड्रोजनवरचे इंजिनही केले. म्हणजे वायू खरा. खोट आहे ती हिशेबात. तो जळून जितकी ऊर्जा देतो, त्याहून जास्तच तो काढायला खर्ची पडते. ती वीज येते इंजिनाकडूनच, म्हणजे पेट्रोलातूनच. या खिशातले त्या खिशात, वाटेत सांडते ते वेगळे!

अमेरिकेत ओहायोच्या स्टॅन्ली मेयरने तर केवळ पाण्यावर बग्गी चालवल्याचा दावा केला. दोन गुंतवणूकदार कोर्टात गेले. तज्ज्ञांनी यंत्र तपासले, त्यात नवे काहीच निघाले नाही. १९९६ साली कोर्टाने फसवणूक ठरवून त्यांचे २५,००० डॉलर परत करायला लावले.

"पण लोकांचे पेट्रोल वाचते ते?" मेहुण्यांनी विचारले.

"भावोजी, बाटली बसवली की माणूस गाडी जपून हाकतो. तशी बाटलीशिवायही हाकता येते."

ते हसले नाहीत. पण पावसाआधी शाकारणी झाली.