मुक्या जनावराचं पोट कोण ओळखतं?

श्रोतेहो, आजचा विषय व्याख्यानमालेच्या पत्रिकेत वाचून काहींच्या कपाळावर आठी आली असेल. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यानं गुराढोरांच्या पोटदुखीवर काय बोलायचं? पण आमचं म्हणणं असं की हा प्रश्न मुळात ज्ञानाचाच आहे. माणूस सांगतो, ‘पोटात कळ येते.’ गाय सांगत नाही. बाहेर दिसणाऱ्या खुणांवरून आत काय चाललंय ते आपल्याला ठरवावं लागतं. न्यायशास्त्रात याला अनुमान म्हणतात. धूर दिसला की डोंगरावर विस्तव असणार, तसंच. आणि हे अनुमान चुकलं तर त्याची किंमत कुणीतरी मोजतं. कधी जनावर मोजतं, कधी माणूस. वर्धा जिल्ह्याच्या आणि देशाच्या इतिहासात ती कोणी मोजली, ते आज बघू.

आपला जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून आर्वी, आष्टी, कारंजा या भागातले गवळी गवळाऊ जनावरं पाळत आले. पांढरी, सडपातळ, चालीला चपळ अशी ही जात. मराठ्यांच्या काळात वेगानं माल वाहायला हिचा उपयोग होई. आता गुरं राखणाऱ्याचं ज्ञान काय असतं बघा. सकाळी गोठ्यात शिरल्यावर तो आधी जनावराच्या तोंडाकडं बघतो. रवंथ चालू आहे की नाही? निरोगी गाय दिवसाचे सहा ते आठ तास रवंथ करते. रवंथ थांबलं म्हणजे काहीतरी बिनसलं. मग नाकपुडी ओली की कोरडी, कान गार की गरम, शेण पातळ की गोळे-गोळे, त्याला वास कसला, आणि डावी भकाळी, म्हणजे शेवटची फासळी आणि कमरेचं हाड यांच्यामधला खळगा, वर आलेली आहे का. हे सगळं तो एका नजरेत करतो. त्याला विचारलं, ‘कसं ओळखलं?’ तर म्हणतो, ‘दिसते ना जी!’

डावी भकाळीच का, तर गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात आणि त्यातला सगळ्यात मोठा डाव्या अंगाला असतो. मोठ्या गाईत त्यात शंभर लिटरच्या वर ऐवज मावतो. तिथं चारा आंबतो, वायू होतो, आणि तो ढेकरेवाटे बाहेर पडतो. ढेकर अडली की पोट फुगतं, छातीवर दाब येतो, आणि जनावर काही तासांत गुदमरून मरू शकतं. पोटफुगी म्हणतो ती हीच.

इथवर अनुमान सोपं. पण तर्कशास्त्रात सव्यभिचार नावाचा एक दोष सांगितलाय. म्हणजे काय, तर अशी खूण जी एकाच कारणाशी बांधलेली नसते. खूण तीच, कारणं दोन. त्या खुणेवरून निष्कर्ष काढला तर फसगत होते. एकोणिसाव्या शतकात या एका दोषानं माणसांच्या वस्त्याच्या वस्त्या संशयात ओढल्या.

त्या काळात गुरांचा सगळ्यात मोठा शत्रू होता बुळकांडी. इंग्रजीत रिंडरपेस्ट. आधी ताप, मग डोळ्या-नाकातून पाणी, तोंडात फोड आणि व्रण, आणि त्यानंतर अशी हगवण की आठ-दहा दिवसांत बैल सांगाडा होऊन पडायचा. गावंच्या गावं बैलांवाचून राहायची, आणि बैल नाही म्हणजे नांगर नाही. सरकारनं गुरांच्या साथींच्या चौकशीसाठी आयोग नेमला. हॅलन नावाचे पशुवैद्यक अधिकारी त्याचे प्रमुख होते आणि अहवाल १८७१ साली आला.

आता दुसरी बाजू. मेलेलं जनावर ओढून नेणं आणि त्याचं कातडं काढणं हे काम गावगाड्यानं ज्या जातींवर लादलं होतं, त्यांच्यावर एक आरोप होत असे, की कातड्यासाठी हेच लोक गुरांना विष घालतात. उत्तर हिंदुस्थानात तर सोमल घालून गुरं मारल्याच्या संशयावरून चांभार समाजावर पोलिसांची नजर असे. विषप्रयोग कधीच घडले नाहीत असं नाही. सोमल होता, गुंजेच्या बियांची विषारी सुई होती, न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत ती नोंदलेली आहे. पण सोमलानं काय होतं? पोटात आग, जोराची हगवण, आणि मृत्यू. बुळकांडीनं काय होतं? हगवण आणि मृत्यू! गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या पाटलाला किंवा फौजदाराला फरक कसा कळणार?

फरक होता. विषानं जनावर अचानक जातं, बहुधा एखाददुसरंच, आणि तोंडात व्रण नसतात. साथीत आधी ताप येतो आणि रोग एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात सरकत जातो. हे ओळखायला जनावर जवळून बघावं लागतं, मेल्यावर पोट उघडून आतडं बघावं लागतं. आणि गंमत बघा मंडळी, पोट उघडून बघणारे गावात कोण होते? ज्यांच्यावर आरोप होता तेच. आतड्याला सूज कुठं आहे, पोटात खिळा अडकलाय की चिंध्यांचा गोळा, हे त्यांनी हजारदा पाहिलेलं. त्या ज्ञानाला कोणी ज्ञान म्हटलं नाही. त्यांची साक्ष कोणी काढली नाही. उलट त्या कामाचाच त्यांच्यावर कलंक लागला. १९२७ च्या महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेली गुरं ओढणं सोडा असं सांगितलं, त्याच्यामागे हा सगळा अपमान होता. तो निर्णय समजून घेताना ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही.

याच सुमारास आपल्या वर्ध्यात दुसऱ्या दिशेनं एक प्रयत्न सुरू झाला. गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले, त्याचंच पुढं सेवाग्राम झालं. नालवाडीला चर्मालय चालू झालं. मेलेल्या जनावराचं कातडं, हाडं, मांस यांचा स्वच्छ पद्धतीनं उपयोग करायचा आणि त्या कामाला प्रतिष्ठा द्यायची हा हेतू. १९४१ मध्ये जमनालाल बजाजांनी गोसेवा संघ उभा केला आणि गोपुरीत झोपडी बांधून स्वतःला त्या कामाला वाहून घेतलं. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले. जयजयकारानं गाय वाचत नाही, तिला पोटभर चारा, चांगली पैदास आणि आजारात उपचार मिळाले तर वाचते, हा त्या कामाचा गाभा. सतीशचंद्र दासगुप्तांचा ‘द काऊ इन इंडिया’ हा ग्रंथ १९४५ साली गांधीजींच्या प्रस्तावनेसह निघाला. त्याचा अख्खा दुसरा खंड गाईचं शरीर, तिचे रोग आणि उपचार यांना दिलेला आहे. भक्तीच्या विषयात शरीरशास्त्र आणलं, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

दरम्यान प्रयोगशाळेतलं काम चालूच होतं. पुण्यात १८८९ साली निघालेली जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा १८९३ मध्ये कुमाऊंत मुक्तेश्वरला गेली. तिथं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एडवर्ड्स यांनी शेळीच्या शरीरातून विषाणू पुन्हापुन्हा नेऊन बुळकांडीची लस तयार केली. १९५४ साली देशव्यापी निर्मूलन मोहीम सुरू झाली. भारतातला शेवटचा रुग्ण १९९५ चा, आणि २०११ साली जगातून रोग संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं संपवलेला हा दुसराच रोग. ज्या हगवणीनं गावं ओसाड केली आणि निरपराध माणसांवर संशय आणला, ती आज पुस्तकातच उरली.

मग आता ओळखायचं काय राहिलं? पुष्कळ राहिलं. पोळ्याचंच घ्या. बैलाला वर्षातून एकदा पुरणपोळी खाऊ घालायची, घरोघरी नेऊन घालायची. प्रेम खरं, पण त्या मोठ्या कप्प्याला पीठ आणि गूळ एकदम झेपत नाही. आत आम्ल तयार होतं. बैल खाणं सोडतो, दात खातो, शेणाला आंबूस वास येतो, पोटात पाणी हलल्यासारखं डबडबतं, डोळे खोल जातात, शेवटी बसून राहतो. पोळ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पशुवैद्यकांकडं असे बैल येतात. घास द्यावा, घमेलं देऊ नये.

दुसरं, पावसानं ताण दिलेली कोवळी ज्वारी. तिच्यात विष असतं, आपण किराळ लागली म्हणतो. पोट फुगलेलं दिसतं, पण जनावर धापा टाकतं, थरथरतं आणि कधीकधी मिनिटांत जातं. इथं साधी पोटफुगी समजून तेल पाजत बसलात तर वेळ गेला. पुन्हा तोच सव्यभिचार! तिसरं, प्लास्टिकच्या पिशव्या. आमच्या गावागावांच्या उकिरड्यावरची गाय खंगत जाते, पोट मात्र भरलेलं दिसतं.

कुत्र्या-मांजरांचंही तसंच. कुत्र्यानं एकदा गवत खाऊन ओकलं तर घाबरू नये. पण पिल्लू सारखं ओकतंय, रक्ताची हगवण आहे, मलूल पडलंय, तर तो पार्वो असू शकतो. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा रोग, त्याला लस आहे. नजर काढण्यात घालवलेला एक दिवस पिल्लाचा जीव घेतो.

आणि दोन गोष्टी कृपा करून सोडा. पोटाच्या दुखण्यावर तापल्या लोखंडानं डाग देणं, आणि जीभ ओढून घशात घाईनं औषध ओतणं. ते श्वासनळीत गेलं तर फुप्फुसं बिघडतात. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर फिरता पशुवैद्यकीय दवाखाना येतो. डॉक्टर येईपर्यंत काय बघायचं, तर रवंथ कधी थांबलं, काय खाल्लं, शेण कसं आहे, किती जनावरांना झालं. एवढं नीट सांगता आलं तरी अर्धं निदान झालं.

साबरमतीला १९२८ साली गांधीजींनी असाध्य दुखणाऱ्या वासराला मरण देवविलं, तेव्हा देशभर वाद झाला. मारावं की नाही यावर सगळे बोलले. पण त्या वादाआधीची एक पायरी असते: त्याला दुखतंय हे कुणाला तरी दिसावं लागतं. आमच्या मते अहिंसेची सुरुवात तिथं होते. उद्या सकाळी गोठ्यात गेलात की वैरण टाकण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा. आणि तुमच्या गावात ज्यांच्या आजा-पणजांनी मेलेल्या जनावरांची पोटं पाहिली, त्या घरातलं कोणी म्हातारं माणूस असेल, तर त्याच्याजवळ बसून विचारा. त्यांना आजवर कोणी विचारलेलं नाही.